सभासद शिक्षण : घराला ताब्याची नोटीस लागली तर



या सदरात एरवी बेणे, पाणी, खत आणि खोडवा हेच विषय असतात. या खेपेस विषय घराचा आहे. घर म्हणजे बांधकाम नव्हे, तर घरावर काढलेले कर्ज आणि ते थकल्यावर येणारी नोटीस. विषय कोरडा वाटेल, पण वाचून ठेवावा. वेळ आल्यावर वाचायला बसलो तर निम्मे दिवस निघून गेलेले असतात.

आम्हा ऊसवाल्यांना वसुलीची एक सवय लागून गेली आहे. सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापून जाते. चिठ्ठी हातात पडते, किती कापले ते बघायचे, जरा कुरकुर करायची आणि घरी जायचे. त्यामुळे कर्जाची नोटीस, तिची मुदत, तिला द्यायचे उत्तर या गोष्टींशी आपला संबंधच आलेला नाही. पण आता पोराने पुण्याला फ्लॅट घेतलेला असतो, त्याला बापाची सही असते. गावातले जुने घर पाडून स्लॅबचे बांधले, त्याला बँकेचे कर्ज असते. हे कर्ज बिलातून कापले जात नाही. ते थकते तेव्हा गाजावाजा होत नाही आणि मग एक दिवस दारावर कागद चिकटतो.

आपल्यातले पुष्कळ जण रायगडाला जाऊन आलेले आहेत. महाड सोडून गडाच्या वाटेला लागले की नाते हे गाव लागते. भाताची खाचरे, मागे डोंगर, आणि बहुतेक घरांतले कोणीतरी मुंबईला. गाडी न थांबवता आपण पुढे जातो. पण कर्जाच्या विषयात या गावाचे नाव घेतल्याशिवाय चालत नाही. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर ते हेच (१९४३ ते १९४९), आणि पुढे १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री. महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, ही गोष्ट जुन्या मंडळींना सांगायला नको. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी रिझर्व्ह बँकेने केली आणि गोरवाला समितीचा अहवाल १९५४ साली आला, तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते. त्या समितीवर आपले धनंजयराव गाडगीळही होते. प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष ते तेच. खेड्यात पतपुरवठा कसा यावा, याचा विचार या मंडळींनी खोलवर केला. पतपुरवठा आला. मात्र कर्ज थकले तर खेड्यातल्या माणसाच्या बाजूने कागद वाचणारा कोण, हा प्रश्न राहिला. त्याला उत्तर आहे, पण ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. आजचा पाठ त्याच्यासाठी.

आधी एवढे समजून घ्यावे की सावकार, पतसंस्था आणि बँक यांचे वसुलीचे रस्ते वेगवेगळे आहेत. बँकेसाठी २००२ चा सरफेसी कायदा आहे. त्यात बँकेला कोर्टात दावा लावावा लागत नाही. नोटीस, ताबा, लिलाव हे सगळे बँक स्वतः करू शकते. 'आपली सहकारी बँक, तिला हा कायदा कसा लागेल?' असे कोणी म्हणेल. लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला आहे. म्हणजे राष्ट्रीयीकृत असो, नागरी सहकारी असो की जिल्हा बँक, सगळ्या एका पंक्तीत. मोठ्या गृहकर्ज कंपन्यांनाही तोच कायदा. पतसंस्था आणि सोसायट्या मात्र सहकार कायद्याने चालतात. त्यांचा '१०१ चा दाखला' आपल्याला ऐकून माहीत आहे. आणि बेकायदा सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतले असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार त्यात तपासला जातो.

आता उदाहरण घेऊ. ते मुद्दामच नात्याचे घेतो. आपल्या गटातले घेतले तर कोणाला तरी वाटायचे की आमच्यावरच लिहिले आहे!

समजा, नात्यात एक शेतकरी आहे. गावठाणात घर आणि गावाबाहेर एक एकर भातशेती. मुलगा महाडच्या एमआयडीसीत कामाला. मुलाने घर बांधायला बँकेकडून नऊ लाख रुपये काढले. बाप जामीनदार, आई सहकर्जदार, आणि घर व शेत दोन्ही गहाण. मुलाचे काम सुटले. हप्ते थकले. हप्ता थकून ९० दिवस उलटले की बँक ते खाते बुडीतकडे झुकलेले, म्हणजे 'एनपीए', धरते. मग पहिली नोटीस येते. समजा ती १० जुलैला हातात पडली. तिच्यात लिहिलेले असते की ६० दिवसांत सगळी येणे रक्कम भरा. ६० दिवस म्हणजे ८ सप्टेंबर.

या साठ दिवसांत घरात काय होते? नोटीस देवघरातल्या कपाटात जाते. नऊ लाख एकदम कुठून आणायचे, म्हणून कोणी बोलत नाही. एखादा पाव्हणा सांगतो, 'काही होत नाही, अशा नोटिसा येतच असतात.' हा पाव्हणा प्रत्येक गावात असतो आणि त्याचे घर कधी गहाण नसते.

खरे तर हेच साठ दिवस सगळ्यात मोलाचे. नोटिशीला लेखी हरकत घेता येते. रक्कम चुकली आहे, भरलेला हप्ता जमा धरलेला नाही, शेतजमीन यात घालता येत नाही, जे असेल ते साध्या अर्जात लिहावे, बँकेत द्यावे आणि पोच घ्यावी. अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने कारणे देऊन उत्तर दिले पाहिजे, असे कायदा सांगतो. तोंडी साहेबाला भेटून आलो, चहा झाला, साहेब 'बघू' म्हणाले, याची कायद्यात नोंद होत नाही.

पुढे समजा २० सप्टेंबरला ताब्याची सूचना दारावर लागली आणि वर्तमानपत्रात छापून आली. माणसे यालाच घर गेले असे समजतात आणि शरमेने घराबाहेर पडत नाहीत. हा बहुधा सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री ताबा असतो. घरातली माणसे घरातच असतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मग तहसीलदार व पोलीस येतात. पण ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायची असते. २० सप्टेंबरपासून ४५ दिवस म्हणजे ४ नोव्हेंबर. दिवाणी कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणू म्हणाल, तर त्या कोर्टाचा दरवाजा या कायद्याने बहुतांशी बंद केलेला आहे. पूर्वी न्यायाधिकरणात जायचे तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरा, अशी अट होती. ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आता पहिल्या दादीला तशी रक्कम भरावी लागत नाही. त्या निकालावर अपील करायचे झाले तर मात्र निम्मी, किंवा कमी करून मिळाली तर किमान पाव रक्कम भरावी लागते. म्हणून पहिलीच दाद नीट मागितलेली बरी.

महाडच्या कोर्टात चवदार तळ्याचा दावा १९२७ च्या डिसेंबरात दाखल झाला आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दहा वर्षे नेटाने चालवला. कोर्ट म्हटले की आपल्याला अशी वर्षे आठवतात आणि आपण निवांत राहतो. सरफेसीत वर्षे नाहीत, दिवस आहेत.

त्यातही एक दिवस असा आहे की जो चुकला तर पैसे हातात असून घर परत मिळत नाही. लिलावाचा पुकारा होईपर्यंत पैसे भरले की घर सुटते, अशी आपली जुनी समजूत. पूर्वी ते बरेचसे खरे होते. २०१६ च्या दुरुस्तीने ते बदलले. आता लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याच्या आत सगळी रक्कम व खर्च भरला तरच गहाण सोडवण्याचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच ठामपणे सांगितले. तेव्हा आपल्या उदाहरणातल्या घरधन्याने बैल विकून, मुलीचे दागिने मोडून लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे आणले, तर बँक ते नाकारू शकते. पतसंस्थेच्या लिलावात तसे नाही. तिथे विक्री झाल्यावरही ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के भरले तर विक्री रद्द करून घेता येते. एकाच गल्लीतल्या दोन घरांना दोन नियम! म्हणूनच शेजाऱ्याच्या अनुभवावर आपले घर चालवू नये.

हे सगळे ध्यानात कोण ठेवणार? वकील. आणि वकिलाला पैसे कोठून द्यायचे? हप्ता भरायलाच नाहीत. येथे कायदेशीर मदतीचा विषय येतो.

घटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम घातले गेले. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, असे ते म्हणते. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आहे. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, रायगडचे अलिबागला. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. तिथे अर्ज केला की पॅनेलवरचा वकील मिळतो. त्याचे मानधन प्राधिकरण देते, पक्षकाराने द्यायचे नसते. शिवाय प्रशिक्षण घेतलेले विधी स्वयंसेवक असतात, ते अर्ज भरून देतात, वाट दाखवतात. आपल्या वेळेतून एक पैसाही न घेता असे काम करणारे वकीलही आहेत. त्यांची गावाला फारशी ओळख नसते, कारण ते लग्नाच्या पत्रिकेत नाव छापून घेत नाहीत.

ही मदत फक्त अगदी निराधाराला, असा गैरसमज आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर ती मिळते. पण काही जणांना उत्पन्नाची अटच नाही : सर्व स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेली माणसे. आता नात्याचे उदाहरण पुन्हा बघा. आई सहकर्जदार आहे. ती स्त्री आहे, एवढ्यावर तिचा अर्ज बसतो. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले, तळीयेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. त्या पुरात ज्याचे होत्याचे नव्हते झाले, त्यालाही या कायद्याचे दार उघडे आहे. आपल्याकडे दुष्काळात किंवा महापुरात सापडलेल्या सभासदाला तेच लागू. तालुक्याला जाणे होत नसेल तर १५१०० हा फोन क्रमांक देशभर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. न्यायाधिकरणापुढच्या कामालाही ही मदत मागता येते, कारण या कायद्यातल्या 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरण येते.

आता, फुकट मिळालेला वकील करतो तरी काय? हे बघायला जरा लांब जाऊ. २००८ नंतर अमेरिकेत घरकर्जे थकली आणि लाखो घरांवर जप्ती आली. फिलाडेल्फिया शहराच्या कोर्टाने त्याच वर्षी नियम केला की लिलावाआधी कर्जदार आणि बँक यांनी एकदा समोरासमोर बसलेच पाहिजे, आणि त्या बैठकांना वकील मंडळी विनामूल्य येऊन बसू लागली. मेन नावाचे एक राज्य आहे, थंडीचे, लहान गावांचे. तिथे टॉमस कॉक्स नावाचे निवृत्त वकील होते. उमेदीत त्यांनी बँकांचीच वकिली केली होती. उतारवयात ते घरे वाचवण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून आले. एका बाईच्या लहानशा घराचे प्रकरण त्यांच्याकडे आले. कर्ज थकले होते, त्यात वाद नव्हता. कॉक्स यांनी फक्त कागद वाचले. कर्ज कंपनीच्या अधिकाऱ्याने शपथेवर लिहून दिले होते की आपण स्वतः खाते तपासले आहे. कॉक्स यांनी २०१० च्या जूनमध्ये त्या अधिकाऱ्याची उलटतपासणी घेतली, तेव्हा बाहेर आले की तो महिन्याला आठ-दहा हजार कागदांवर सह्या करतो आणि खाते काही बघत नाही. एवढ्यावरून देशभर गदारोळ झाला. त्या कंपनीने २३ राज्यांतली घरे रिकामी करून घेणे थांबवले. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांना ४९ राज्यांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली.

आपल्याकडे प्रत्येक नोटीस खोटी असते, असे आम्हाला म्हणायचे नाही. बँकेचा पैसाही ठेवीदारांचा असतो आणि त्यात आपल्याही ठेवी आहेत. पण सही करणाऱ्याने वाचले नसेल, असे धरून कोणीतरी वाचायला हवे. नात्याच्या उदाहरणात वकील काय वाचील?

पहिले शेत. सरफेसी कायद्याने शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. पण सातबाऱ्यावर 'शेती' लिहिले आहे एवढ्याने भागत नाही. जमीन खरोखर कसली जाते, हे कर्जदाराने दाखवायचे असते; जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. नात्याचा शेतकरी पीकपाहणीचे उतारे दाखवील. आपल्या सभासदाकडे तर आणखी बळकट पुरावा असतो : कारखान्याची ऊसनोंद आणि वजनकाट्याच्या पावत्या. आपण त्या हंगाम संपला की फेकून देतो. त्या ठेवाव्यात. जमीन बिगरशेती करून घेतली असेल तर हे संरक्षण नाही. आणि हे संरक्षण फक्त सरफेसीपुरते आहे. सोसायटीच्या १०१ च्या दाखल्याखाली शेतही लिलावात निघू शकते, हे विसरू नये.

दुसरे खाते. व्याज कसे लावले? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना दंडव्याज लावता येत नाही. दंड आकारला तर तो वेगळा आकारायचा, मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. जुनी कर्जेही ३० जून २०२४ पर्यंत याच नियमात आणायची होती. मुद्दल व व्याज मिळून येणे वीस टक्क्यांच्या आत उरले असेल, म्हणजे बहुतेक कर्ज फिटलेले असेल, तर या कायद्याने कारवाईच होत नाही. तिसरे, नोटिसा सगळ्यांना पोचल्या का, मूल्यांकन झाले का, पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची सूचना मिळाली का. घराची राखीव किंमत फारच खाली धरली असेल तर तेही इथेच दिसते. आणि वसुलीचे लोक रात्री-अपरात्री फोन करत असतील, तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर तसे करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

यातले काहीच चुकलेले नसेल तर? मग वकील तसे सांगतो, आणि तेही कामाचे असते. कर्ज माफ करून देणारा वकील भेटला तर त्याच्यापासून लांब राहावे. खरा वकील अशा वेळी बँकेशी तडजोडीला बसवतो : हप्त्यांची फेरआखणी, किंवा एकरकमी परतफेड. हे लोकअदालतीतही होते. तिथे फी लागत नाही. मात्र लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नाही. 'तीन महिन्यांत पाच लाख भरतो' असे उत्साहात लिहून दिले आणि भरले नाहीत, तर पुढे बोलायला जागा राहत नाही. उसाचे बिल कधी येते, एकरी काय पडते, भाताचे किती होतात, मुलाला काम कधी लागेल, हे सगळे मांडून जेवढे खरोखर जमेल तेवढ्याचीच सही करावी. इथे शरम बाळगू नये. बँकेच्या माणसाला हप्ता येणारा कर्जदार लिलावापेक्षा पुष्कळदा परवडतो.

वकिलाकडे जाताना पिशवीत काय असावे ते लिहून ठेवा. नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट, कारण त्यावरच्या शिक्क्याने तारीख ठरते. कर्ज मंजुरीचे पत्र, गहाणखत, खात्याचा उतारा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या. घराचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका, जमिनीचा सातबारा. आधार कार्ड, आणि ज्यांना उत्पन्नाची अट आहे त्यांना उत्पन्नाचा दाखला. अर्ज घरातल्या बाईच्या नावाने बसत असेल तर तिलाच बरोबर न्यावे, सही तिची लागते.

शेवटी दोन बारीक गोष्टी राहिल्या. लिलाव झालाच आणि येणे रकमेपेक्षा जास्त पैसे आले, तर बँकेचे येणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदाराला परत मिळाली पाहिजे. ती लेखी मागावी. कमी आले तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदार आणि जामीनदार या दोघांच्याही मागे येऊ शकते. आणि कर्ज पूर्ण फिटले असेल तर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरलेली आहे. कागद हातात आले की तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी झाला का, तेही बघून यावे.